मधलं एक मिनिट

नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. मंदाआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही ते या खेपेला बरंच झालं. हे तोंडानं सांगायला मला जमलंच नसतं. तुझी मेथी निघाली का? मागच्या वेळी पाठवलेली होस्टेलच्या पोरींनी कच्चीच खाल्ली, शेळ्या म्हणून मी त्यांना चिडवते.

तुझ्या कानावर आलंच असेल की मी बॉक्सिंगची फायनल सोडली. हरले नाही, सोडली. दोन राउंड माझे होते. समोर मयुरी होती, चंद्रपूरकडची, माझ्याहून उंच. दुसऱ्या राउंडमध्ये माझा उजवा ठोसा तिच्या कानशिलावर चांगला बसला. घंटा झाली तेव्हा ती चुकून माझ्याच कोपऱ्याकडे चालत आली. रेफरीनं तिला वळवलं. लोक हसले, मीही हसले.

मग मी स्टुलावर बसले. एक मिनिट मिळतं. किसनराव सर समोर वाकून पाणी देत होते आणि डावा हात खाली आणू नको म्हणून सांगत होते. माझ्या मागे दोरीपलीकडे कोणी नव्हतं. आणि आत्या, माझ्या उजव्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. पुरुषाचा हात, जड, ओला. कसल्याशा तेलाचा उग्र वास आला, जुन्या लाकडी घाण्यासारखा. आणि कानाशी एकच शब्द, बस.

घंटा वाजली. सर ओरडत होते, मला उठायचं होतं, पायही चांगले होते. पण तो हात निघेना. रेफरीनं मयुरीचा हात वर केला, तेव्हा कुठे तो सुटला.

एका मुलीनं फोनवर काढलेला व्हिडिओ मी पाहिला. मागे कोणीच दिसत नाही. फक्त जर्सीचा उजवा पट्टा दबलेला दिसतो, चार बोटांएवढा.

सर बोलत नाहीत. बाबा तर मी रिंगमधून उतरायच्या आधीच सभागृहातून निघून गेले, तेव्हापासून फोन उचलत नाहीत. पोरी मला स्टूलवाली म्हणतात. मला वेड लागलं असेल तर तूच सांग, दुसऱ्या कोणाकडून ऐकवणार नाही.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नको.

तुझी,
अपेक्षा


तळेगाव (श्या. पं.),
९ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मेथी झाली, आता पालक अन् सांभाराच्या हिरव्या जुड्या आहे. येशील तवा नेजो, शेळ्यांसाठी.

तुले वेड नाई लागलं. तुह्या पत्रातला तो वास मी वाचला अन् भाजीचं टोपलं तसंच खाली ठेवलं. तो जवसाच्या तेलाचा वास होय. आमच्या घरात एकच माणूस ते तेल अंगाले लावे, तुहा लहानूकाका. तुह्या जन्माच्या दोन वर्स आधी तो काविळीनं गेला. फोटोही नाई घरात, तुह्या बाबानं ठेवू देल्ला नाई.

लहानू बॉक्सिंग खेळे. सव्वीस वर्सं झाली, नाचणगावच्या शाळेच्या मैदानावर दुपारची लढत होती. समोर जामचा तानबा, वीस वर्साचा. लहानूच्या कोपऱ्यात तुहा बाबा. मी बायकांत बसली होती. दोन राउंडमंदी लहानूनं त्या पोराले लय मारलं. मधात सुट्टी झाली तवा लहानू स्टुलावरून उठेच ना. तुहा बाबा त्याले काही सांगून राह्यला होता, हा मान हलवून राह्यला होता. शेवटी बाबानं काखेत हात घालून त्याले उभं केलं. लहानू जिंकला. तानबा चालत गेला, डोकं दुखते म्हणाला, शाळेच्या वऱ्हांड्यात निजला. तो उठलाच नाई.

लहानूनं मंग ग्लोव्हज हातात धरले नाई. जेवाले बसला की म्हणे, मंदे, मी बसलोच होतो वं.

पोरी, तुले काय झालं ते मी नाई सांगू शकत. पण एक आयक. ती मयुरी चुकीच्या कोपऱ्यात आलती म्हणतेस. तानबाही तसाच आलता. हे पत्र वाचलं की ते खाली ठेव अन् तिच्याकडं जा. डोकं दुखते का, एवढंच विचार. तुही लाज मंग पाहू.

आत्याचा जीव तुह्यापाशी आहे, हे ध्यानात असू दे.

तुही आत्या,
मंदा


नागपूर,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते. आत्यानं मला लहानूकाकाचं सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

तिचं पत्र आलं त्याच दिवशी मी मयुरीच्या खोलीवर गेले. तिला दहा दिवसांपासून डोकेदुखी होती, गोळ्या खाऊन सराव चालू होता. दुसऱ्या दिवशी तिची पुढची लढत होती. वेणी घालायला घेतली तर तिला तीन पेड जुळवता येईनात. मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, आता ती पेज पिते आणि मला शिव्या देते. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर आणखी एक ठोसा बसला असता तर हाती काही लागलं नसतं.

मी का उठले नाही ते मी तुम्हाला सांगायला तयार आहे. तुम्ही का निघून गेलात, ते मला सांगाल का?

माझ्यावरचा लोभ असेल तसा राहू द्या.

आपली,
अपेक्षा


नाचणगाव,
२ मार्च २०२५

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लिहायला बसलो की उठावंसं वाटे, म्हणून उशीर झाला. मयुरी सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं.

मी रागानं गेलो नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. तू स्टुलावर बसलीस, आणि तुझ्या मागं एका हातानं दोरी धरून, दुसरा तुझ्या खांद्यावर ठेवून लहानू उभा होता. केस ओले, अंग तेलानं चकाकत होतं. तो तुझ्याकडंच पाहत होता. आता मान वर करून माझ्याकडं पाहील, या भीतीनं मी पळालो. सख्ख्या भावाला मी भ्यालो.

मंदाला अर्धंच ठाऊक आहे. ती दूर होती. दोन्ही कोपऱ्यांमध्ये दहा पावलांचं अंतर. त्या मिनिटात लोकांचा गलका थांबला, आणि तानबा त्याच्या माणसाला म्हणाला ते आम्हाला इकडं स्वच्छ ऐकू आलं, मले उठवू नका. त्याच्या माणसाला वाटलं, पोरगा घाबरला. लहानूनं मला विचारलं, दादा, आयकलं का? मी नाही म्हणालो. आणि त्याला उभं केलं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, तुझ्या आईला सांगितलं नाही, लहानू मरताना त्यालाही कबूल केलं नाही.

तुझं पत्र आलं आणि मी जामला गेलो. तानबाची आई आहे अजून, लीलाबाई. डोळ्यांनी कमी दिसतं, पण वांगी स्वतः तोडते. मी कोण ते सांगितलं. तिनं बसायला पाट दिला. मग मी तानबाचे शब्द सांगितले.

मला वाटलं, आता शाप देईल, आणि तो घ्यायला मी तयार होतो. मग ती म्हणाली, मले माहीत आहे, मी आयकलं होतं. त्या दुपारी ती तिथंच, जामच्या वावरात, वांग्याच्या वाफ्यात वाकलेली होती. मागून तानबाचा आवाज आला, माय, मले उठवू नको. लहानपणी शाळेत जायच्या वेळी तो रोज असंच म्हणे. तिनं वळून पाहिलं, तर कोणी नाही. तरी सवयीनं ती म्हणाली, निज बाप्पा, नाई उठवत.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की तो झोपेतच गेला. तिनं हे कोणालाही सांगितलं नव्हतं. आपण निज म्हटलं म्हणून तो उठला नाही, असं समजून ती बाई सव्वीस वर्षं जगली. मला विचारू लागली, माह्याच बोलण्यानं गेला ना रे?

अपेक्षा, मी तिचे पाय धरले. म्हटलं, माय, त्या दिवशी तो आम्हा सगळ्यांना सांगत होता. आम्ही कोणी ऐकलं नाही. तू एकटीनं त्याचं ऐकलं.

मग ती रडली. मीही रडलो. तिनं चहा ठेवला.

तुला पुढं खेळायचं असेल तर खेळ, सोडायचं असेल तर सोड. मी विचारणार नाही. रविवारी मी पुन्हा जामला जाणार आहे, तिच्या वाफ्याचं काम आहे. तू आलीस तर सोबत होईल.

बापाच्या चुका पोटात घाल, आणि येत राहा.

तुझे बाबा,
चंद्रभान