धूर गेल्यानंतरची शेगडी

घोडेगाव,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंस,
धाकट्या सुनेचा, सुकन्याचा, नमस्कार.

आम्ही दोघं इकडं बरे आहोत. शाळेत दहावीचे जादा तास चालू झालेत, थंडी मरणाची आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला थांबला का? पंकजाला म्हणावं, वहिनीला फोन केला म्हणून काही बिघडत नाही. झाली खुशाली. आता मुद्द्याचं लिहिते.

फोनवर माझ्या थोरल्या जावेचं, दिपालीताईचं, नाव काढलं की तुमची रेंज जाते. इतर सगळ्या गोष्टींना वाडीत रेंज असते, त्या एका नावालाच नसते. म्हणून पत्र लिहितेय, ते मधेच कापता येत नाही. कल्याण शनिवारी घेऊन येईल. पोथी वाचता तसं सावकाश वाचा, आणि स्वतः वाचा.

रविवारी बैठक ठेवलीत म्हणे. दिपालीताईला आणि तिच्या आईवडिलांना श्रीगोंद्याच्या उसाच्या फडातून, हातातला कोयता खाली ठेवून, बोलावणं गेलंय. पंचांसमोर सोडचिठ्ठीवर तिची सही घ्यायची, आणि अंगददादांसाठी शेवगावकडची मुलगी बघून ठेवलीय. कारण काय, तर वर्षभर तुम्ही गावाला सांगत आलात तेच. तिनं झोपेत पोटच्या लेकीला अंगाखाली घेतलं, लेकरू गुदमरून गेलं.

आत्याबाई, हे खोटं आहे. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र आहे. मला शास्त्र शिकवू नकोस असं तुम्ही म्हणाल. आज शिकवणार आहे.

तिचं बाळंतपण आपल्याकडं झालं, कारण माहेरचे सगळे ऊसतोडणीला गेले होते, फडावर पाचटाच्या झोपडीत राहत होते. "कोपीत बाळंतपण होऊ द्यायची न्हाई मी," असं तुम्हीच ठणकावलंत. ते मायेनं केलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नवी स्लॅबची खोली तिला दिलीत. खाटेखाली शेकाला शेगडी ठेवलीत, ओवा-शेपा टाकलात. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि दाराखाली पोतं सारलं. धूर होता तोवर दार उघडं ठेवलंत. धूर गेला, निखारे लाल झाले, तेव्हा म्हणालात की आता शेगडी चांगली झाली, आता दार लावा.

तुमच्या सासूच्या जुन्या घरात हे चाललं असतं. तिथं पत्र्याला भोकं होती, कौलांतून चांदणं दिसायचं. तुमची चार बाळंतपणं त्या भोकांनी तारली. स्लॅबला भोक नसतं.

कोळसा म्हणजे कार्बन. त्याला जळायला हवा लागते. हवा भरपूर असली तर कार्बनचा एक कण ऑक्सिजनचे दोन कण धरतो, त्याचं पोटभर होतं, आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो आपण सगळे उच्छ्वासातून सोडतोच. पण हवा कमी पडली तर त्याच्या वाट्याला एकच ऑक्सिजन येतो. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही, डोळ्याला झोंबत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला चांगली शेगडी म्हणता, त्याच शेगडीतून तो निघतो. श्वासातून आत गेला की रक्ताला असा चिकटतो की ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. माणूस झोपेतच बधिर होतं. लहान जीव आधी जातो.

हे मी दरवर्षी शिकवते. या वर्षी कार्बनी संयुगांच्या धड्यात बर्नर पेटवून दाखवत होते. खालचं हवेचं भोक उघडं असलं की ज्योत निळी, भोक बंद केलं की पिवळी आणि काजळी धरणारी. मुलींना सांगत होते, जळणं अपुरं राहिलं की मोनॉक्साइड होतो, बंद खोलीत तो जीव घेतो. सांगता सांगता माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या खिडकीतल्या चिंध्या आल्या. खडू तसाच हातात राहिला. मी बर्नर बंद केला आणि तास तिथंच थांबवला.

तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, "लेकरू आजारी न्हवतं, गाल कसे लालगुलाबी हुते"? आत्याबाई, या वायूनं गेलेलं माणूस तसंच दिसतं. रक्त लालभडक होतं. अंगाखाली गुदमरलेल्या लेकराचे गाल गुलाबी राहत नाहीत. ज्या गालांचा तुम्ही दिपालीताईविरुद्ध दाखला देता, तेच तिच्या बाजूनं बोलतायत.

आणि ती? सकाळी दार उघडलंत तेव्हा "म्हशीवानी पसरली हुती" असं तुम्ही बायकांना हसून सांगितलंत. ती शुद्धीत नव्हती. उठवल्यावर झोकांड्या खात होती, ओकत होती, त्याला तुम्ही नाटक म्हणालात. आदल्या संध्याकाळी तिनं आतून हाक मारली होती, "आत्याबाई, डोकं लई दुखतंय, दार उघडा." तुम्ही बाहेरून म्हणालात, वारा लागंल, गप पड. हे मला तिनं परवा फडातून फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही. ती आता सहीला तयार आहे. म्हणते, "सगळी म्हणत्यात तर घेतलं बी असंल मी अंगाखाली. मला कायच आठवत न्हाई."

हे ऐकून मला तुमचा इतका राग आला की काय सांगू. लेक गेली ती चुकीनं गेली. पण त्यानंतर वर्षभर तुम्ही जे केलंत ती चूक नव्हती. तुमच्याही मनात शेगडी आली होती. नाहीतर मातीच्या दिवशीच ती उकिरड्यावर का फेकलीत? आमच्या पंकजानं फेकताना बघितलंय. तिच्यावर आवाज चढवाल तर माझ्याशी गाठ आहे.

तेव्हा रविवारी बैठकीत तुम्ही उभं राहायचं. पंचांना नाही, दिपालीताईला सांगायचं, तिच्या तोंडाकडं बघून: बाई, तू काही केलं नाहीस, शेगडीनं झालं, आणि दार मी लावलं होतं. एवढंच. मग अंगददादांबरोबर राहायचं की नाही हे ती ठरवेल. तुमची जीभ रेटत नसेल तर मी येते, बर्नर घेऊन येते आणि पंचांना ज्योत दाखवते. पण ते तुमच्या तोंडून आलं तरच तिला पटेल. माझं तिला पटत नाही, मी सांगून पाहिलं.

आणखी एक. कल्याणला सांगायची फार घाई झालीय, मीच थांबवलंय त्याला. मला पाचवा महिना आहे.

तुम्ही आता देवापुढं दिवा लावाल, हे मला माहीत आहे. लावा. शेकही मी घेईन, तुमच्या हातचा घेईन, खिडकी उघडी ठेवून. पण ज्या घरात एका आईला खुनी म्हणून बाहेर काढलंय, त्या घरात मी माझं बाळ आणणार नाही. रविवारी तुम्ही बोलला नाहीत, तर तुमच्या नातवंडाचं तोंड तुम्हाला दिसणार नाही. कल्याणला हे वाचून दाखवलंय. पाकिटावर तुमचं नाव त्यानंच घातलंय.

तुमची धाकटी सून,
थोरली जिवंत आहे तोवर धाकटीच,
सुकन्या