हनुवटीवरचे तीन ठिपके

बुधवार, बारा तारीख

पोरी,

आशीर्वाद. मी धडधाकट आहे, गुडघा सोडून. तुझी आई नाकावर राग घेऊन फिरते, म्हणजे बरी आहे.

तू तांब्याच्या पत्र्यावरून काढलेला माझ्या तोंडाचा छाप मिळाला. एक सुरकुती सोडली नाहीस, म्हातारीची थोडी लाज राखायचीस. शेजारीण म्हणाली, "अगदी जिवंत काढलीय हो." मी म्हटलं, "मेलेली कशी काढेल, अजून मेले कुठे."

पण हनुवटीवर तू गोंदणाचे तीन ठिपके काढलेस, आणि खाली लिहिलंस, 'आमच्या माणसांची खूण'. माझ्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे. दोन दिवस मला समोर बसवून तू तो पाहिलास, आणि आपल्यातल्या बायकांच्या जुन्या फोटोतले ठिपके त्यावर चिकटवलेस. प्रदर्शनात शोभतील म्हणून.

छाप मी तुझ्या आईपासून लपवलाय, पण शनिवारी ती प्रदर्शन बघायला येणार. म्हणून लिहायला बसले. अक्षर चालवून घे, शाळा दुसरीपर्यंतच.

स्टोव्हचा भडका उडून भाजलं, ही मी सांगितलेली थाप. मी कारखान्यात पितळ घासायचे. नवा मुकादम आला, म्हणाला, "या ठिपकेवाल्या बायका चोरट्या, उद्यापासून नकोत." तिथलंच तेजाब चिंधीवर घेतलं आणि ठिपके जाळले. तू तांब्याचा पत्रा तेजाबात बुडवलास तेव्हा मी उठून बाहेर गेले. तुला वाटलं, वासानं गरगरलं.

इथवर माझं तोंड, माझी मर्जी.

तुझ्या आईच्या हनुवटीवरचा डाग आठव. ती शेगडीवर पडली नव्हती. माझ्या सासूनं तिला पाळण्यातच गोंदलं होतं. सहा वर्षांची झाली, तर शाळेत कोणी शेजारी बसू देईना. मी तिचे हात गुडघ्यांखाली दाबले आणि चिंधी लावली. मग आठ दिवस ताप. उठली तेव्हा तिला काही आठवेना. मी शेगडी सांगितली.

आता माझ्या डागाच्या जागी ठिपके बघितले, की तिचा हात स्वतःच्या हनुवटीवर जाईल. ती मूर्ख नाही. भिंतीवरून तिला कळायला नको.

तूच म्हणालीस, पत्र्यावरचं खरवडता येतं, पुसट खूण मात्र राहते. राहू दे. ठिपके खरवड, त्यांच्या जागी माझा डाग काढ, मग खुशाल टांग.

शुक्रवारी ये. मी तिला सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. तिच्या शेजारी बस.

तुझ्या आईची आई