वन्सं, आपल्या गोधडीचं वर कुठलं?

प्रिय वन्सं,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. फोन उचलला की तासभर गप्पा. गेल्या पौषात तुम्ही गेलात, आणि आता हे विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितेय. आपली गोधडी उद्यापासून धारच्या प्रदर्शनात लागतेय. ती टांगायची कशी, यावरून आज सकाळी माझी चांगलीच फजिती झाली!

आमच्या देवासच्या बायकांच्या गटाला इथे हॉल मिळालाय. तुमच्याच गावात! कुणाचं क्रोशाचं तोरण, कुणाची कशिद्याची चादर, सगळं भिंतीवर. गटातली पूर्वा, हिंदी शाळेत शिकलेली गोड पोर, गोधडी उलगडून म्हणाली, "काकू, हिची सीधी बाजू कोणती? ऊपर काय येईल?"

काय सांगणार, कप्पाळ?

आठवतंय ना? दर उन्हाळ्यात तुम्ही धारहून यायचात, पिशवीत बाग गावच्या ठशांच्या कापडाची कातरणं कोंबून. जेवणं आटोपली की पुढच्या खोलीत गोधडी पसरायची. एका कडेला तुम्ही, समोर मी. आपापल्या कडेपासून दोघी मध्याकडे शिवत यायचो. तुमचे हत्ती तुमच्याकडे पाय करून, माझे मोर माझ्याकडे. पांघरायच्या गोधडीला वर-खाली कसलं? तुमचे भाऊ यायचे, बघायचे आणि "चहा मिळेल का?" एवढंच विचारून जायचे.

आज टांगून पाहिली. तुमचे हत्ती उभे, तर माझे मोर डोक्यावर. फिरवली, तर मोर ताठ आणि हत्तींचे पाय आकाशात! शिडीवरचा माणूस वैतागला, "भाभी, एक बार तय कर लो."

पूर्वा हळूच म्हणाली, "त्या नाहीत ना आता, काकू. मग त्यांचे हत्ती सीधे ठेवू या."

मला राग आला. तुमच्यावरच हो! घरात तुमचंच चालायचं, आता भिंतीवरही? पण तुम्हाला उलटं टांगून मी माझे मोर मिरवू? तेही होईना. एवढ्या वेळी तरी सांगायला असायला हवं होतंत.

शेवटी म्हटलं, भिंत नकोच. हॉलच्या मधोमध दोन टेबलं जोडली आणि पसरली. लोक फिरून बघतील.

कडा सारख्या करायला तुमच्या बाजूला गेले. वन्सं, इतकी वर्षं शिवत होतो, पण त्या कडेला मी कधी बसलेच नव्हते. तिथून माझे मोर उलटे. एकूण एक! तुमचे हत्ती मला उलटे दिसायचे, म्हणून मी किती हसायचे. माझे मोर तुम्हाला कसे दिसत असतील, हे डोक्यातच आलं नाही. आणि तुम्ही? मान पार वाकडी करून म्हणायचात, "सुमन, काय डौल आहे गं तुझ्या मोरांना!"

मी तिथेच टेबलाला टेकून रडले. पूर्वाला वाटलं, बोटाला सुई लागली.

तर शब्द देते. प्रदर्शन उठेपर्यंत मी तुमच्याच कडेला उभी राहीन आणि येईल त्याला आधी हत्ती दाखवीन. माझे मोर उलटे दिसले तर दिसू देत.

तुमची भावजय,
सुमन