रानातला काळा पट्टा

चैत्र शुद्ध दशमी, संध्याकाळ. वैजापूरच्या पुढं, शाळेच्या ओट्यावर.

पाय भरून आलेत, पण आज लिहायचंच. संभाजीनगराहून वणीच्या गडाला चालत निघाल्यापासून मी रोज एक चित्र काढते आणि सोबतचे भास्करदादा रोज विचारतात, "बाई, मोकळं रान काय रंगवता? देवी काढा की!"

आजच्या चित्रात पिवळ्या रानाच्या मधोमध एक काळपट पट्टा आलाय. दिसला तसा काढला, पण तो तिथं का होता, ते मलाच कळलं नव्हतं. दादा म्हणाले, "पाणी सांडलं का?" मग मलाही तो डागच वाटायला लागला. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तरी स्वतःच्या डोळ्यांवर एवढाही भरवसा नसावा? पट्ट्यावर झाड काढून तो झाकायचा म्हणून हिरवा रंग कालवलासुद्धा.

तेवढ्यात सोबत चालणाऱ्या सखूमावशी वाकून बघायला लागल्या. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं मेंढरं बसवली व्हती. लेंडीखत पडलंय. चार-पाच राती तरी व्हती बघा."

मी हिरवा रंग ओट्याखाली ओतून दिला. आणि चित्राच्या कोपऱ्यात सही केली, या वाटेवर पहिल्यांदाच.