पाणी कोणी काढलं

४ जानेवारी १९६२, अमरावती
वानखडेशी पुन्हा वाद. खोलीत खाटा दोन, मतं चार. तो म्हणतो, पिक्चर दुःख विसरायला असतो. सामाजिक पाहायचा तर आपली कचेरी काय वाईट? मी म्हणालो, अख्खं थेटर रडतं तेव्हा त्यातली थोडी तरी माणसं घरी जाऊन बदलतात. "तू पाह्यला का कोनी बदललेला? मले दाखव," तो म्हणाला. मी आवाज चढवला.

संध्याकाळी माझ्या कॉलेजातल्या सरांचा निरोप, म्हणून भेटायला गेलो. मुंबईचे दिग्दर्शक येताहेत. अस्पृश्यतेवर चित्रपट. जुनी दगडी विहीर असलेलं खेडं हवं. मी आमच्याच गावाचं नाव सांगितलं. अंजनगावहून दोन कोस. विहीर आहेच. मायला त्या विहिरीतून कधी पाणी काढता आलं नाही, हेही सांगितलं. ते ऐकून सर फारच खूष झाले.

२० जाने., गावी
दिग्द. भला माणूस. आमच्या बाजेवर बसला, चहा प्यायला, मायला 'आई' म्हणाला. तिचा चेहरा पाहून म्हणाला, "मला दुसरी कोणी नको. याच हव्यात."

प्रसंग असा: नायिकेची सासू विहिरीशी हात पसरून उभी, वरून कोणी पाणी ओतेल तेव्हा पिणार. जुनं लुगडं, पाय अनवाणी.
माय : "चपला काहून काढू? काटे काय सिनेमातले हायेत?"
दिग्द. हसले. "तो काळ दाखवायचाय, आई."
"कोनता काळ बापा? इहीर त अथीच हाये."

तिचं खरं आहे. धम्मदीक्षेनंतर आमच्या बौद्धपुऱ्यात आम्ही आमची विहीर खणली. तेव्हापासून मोठ्या विहिरीवर आमच्यातलं कोणी जात नाही. जात नाही म्हणून कोणी अडवतही नाही. अडवत नाही म्हणून, आमच्या गावात आता तसं काही नाही, असं पाटील छातीवर हात ठेवून सांगतात.

माय नाहीच म्हणत होती. मी गळ घातली. लोकांना कळलं पाहिजे, वगैरे. शेवटी म्हणाली, "तुले शिनेमाचं एवढं येड हाये त करीन. पन एकदाच. घडीघडी हात पसरनार नाही."

२१ जाने.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

मायवर ओरडायचं काम पाटलांचा पुतण्या बंडू याला. वाक्य सोपं : दूर हो, विहीर बाटेल. पण त्याच्या तोंडून निघेना. दर वेळी "दूर हो, मावशी" म्हणायचा आणि सगळे हसायचे. दिग्द. घामाघूम. बंडू म्हणे, "साहेब, मावशीले असं कसं म्हनू? लाज वाटते ना." अखेर मावशी गाळून कसंबसं बोलला.

मग माय वाकली. ओंजळ पुढे केली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, तिच्या हातांना मात्र सगळं पाठ होतं. थांबवा म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही. ती प्याली. दिग्द. म्हणाले, कट.

माय थांबली नाही. हात पदराला पुसले. काठावरची बादली उचलली, विहिरीत सोडली, दोर हातावर हात टाकत ओढला. गडगडी कुरकुरत होती. बादली वर आली. ती पोटभर प्याली, उरलेलं पायांवर ओतलं. रिकामी बादली बंडूपुढे ठेवून म्हणाली, "घे, आता तुया हातानं काढ अन् तू बी पे." आणि घरी निघून गेली.

कॅमेरावाल्याने यंत्र बंद केलंच नव्हतं. दिग्द.नी मला मिठी मारली. "हे मी जसंच्या तसं ठेवणार!"
पाटील पारावर बसून पाहत होते. बंडूने काढलं का पाणी? लक्षात नाही. गर्दी झाली होती.

१८ मार्च, गावी
विहिरीवर आता बादली-दोर नसतो. ज्याने त्याने आपला आणायचा. का, ते कोणी सांगत नाही.
मायशी मात्र सगळे गोड. दुकानदार तिला "हिरोईन" म्हणतो. ती म्हणते, "मी खरं पानी काढलं." तो म्हणतो, "हो ना, शुटिंगमधी!" पाटीलही तेच सांगत फिरतात. नाटक होतं, साहेबांनी करायला लावलं, त्यात काय. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, कौतुकाला काय देणार?
माय : "पिच्चर येऊ दे. कट म्हनल्यावर पानी काढलं का आधी, ते दिसनच ना त्यात."
कट पडद्यावर ऐकू येत नाही, हे तिला समजावून सांगायला हवं होतं. जमलं नाही.

२९ नोव्हेंबर
चित्रपट मुंबईत लागला. पेपरात वाहवा. "विहिरीचा प्रसंग पाहून पाषाणालाही पाझर फुटेल." वानखडेने मोठ्याने वाचलं आणि एकदम म्हणाला, "मायले दाखवू बे. तिकीट माह्याकडून." सामाजिक चित्रपटाचं तिकीट काढणारा वानखडे. मायला निरोप दिला. तिने उलट निरोप पाठवला, आधी तू पाहून ये, पाहण्यासारखा असेल तर सांग.

३ फेब्रुवारी १९६३, अकोला
अखेर इकडे लागला. वानखडेचं घर जुन्या शहरात. तिथे जेवून मोर्णा नदी ओलांडून दुपारच्या खेळाला गेलो. थेटर भरलेलं.

माय पडद्यावर आली. तेवढा मोठा चेहरा, प्रत्येक सुरकुती. ओंजळ. बायका हुंदके देत होत्या. वानखडेने माझा हात धरला.

मग नायक आला. खादीचा सदरा, खेड्यातला मास्तर. त्याने बंडूला ढकललं. गावाला उपदेश केला, बराच वेळ. मग दोर उचलून सासूबाईच्या हातात दिला. ते हात मायचे नाहीत, भरलेले, गोरटे, कुणा दुसरीचे. त्यानंतर माय. खरी. बादली सोडते, ओढते, पिते. लगेच नायकाचा हसरा चेहरा. थेटरात टाळ्या, शिट्ट्या. "घे, तू बी पे" नाहीच.

बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ डोळे पुसत बायकोला म्हणाले, "काय मन होतं त्या मास्तराचं!" सगळ्यांचे चेहरे अभिषेक करून आल्यासारखे हलके. पानाच्या दुकानावर गर्दी.
वानखडे म्हणाला, "तो लेकाचा त तथी नव्हताच ना?"
"नव्हता."

५ फेब्रु., अमरावती
डोक्यातून जात नाही. दिग्द. खोटारडा आहे असं म्हणवत नाही. मायचा चेहरा त्याने जसा पाहिला तसा आम्हीसुद्धा कधी पाहिला नव्हता. तेवढ्यासाठी चित्रपट पाहावा, कोणालाही सांगेन. पण तिच्या हातातलं काम काढून त्याने मास्तराला दिलं. तुकडे खरे, फक्त मागे-पुढे लावले, आणि मधे एक माणूस घातला.

वर्षापूर्वी म्हणालो होतो, थेटर रडलं की थोडी तरी माणसं बदलतात. परवा सगळे रडले. रडून मोकळे झाले. मास्तराने केलं ना सगळं, आता यांना करायला काही उरलं नाही. पाहण्यासारखा चित्रपट माणसाला इतक्या सुखाने घरी पाठवत नसावा. मला वाटतं, माय बादली ठेवून निघाली तिथेच तो संपायला हवा होता, बंडूच्या तोंडावर. मग टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे थेटरला कळलं नसतं.
की मी मुलगा म्हणून असं म्हणतोय?
मायला काय सांगू. रविवारी जायचं आहे.

१० फेब्रु., गावी
सांगितलं. आधी गोलगोल. तुझा चेहरा फार छान आला, बायका रडल्या. तिने वांगं चिरणं थांबवलं नाही.
"पानी काढतो का मी त्यात?"
"काढतेस."
"सोताच्या मनानं?"
मग सगळं सांगितलं. मास्तर, उपदेश, दोर, दुसरीचे हात.
"मास्तर? कोन मास्तर?"
"सिनेमातला."
चिरलेल्या फोडी पाण्यात टाकत म्हणाली, "म्हंजे पाटलाचं खरं झालं. नाटकच झालं ते."
मी म्हणालो, तरी पाहून ये एकदा, वानखडे तिकीट काढतो म्हणाला आहे. ती म्हणाली, "पाहीन ना. माहं तोंड हाये, पाहीन काहून नाही? मंग पाहीन."

जेवण झाल्यावर तिने घरातली बादली घासली. शेजारून लांब दोर मागून आणला. आपल्या विहिरीला एवढा दोर लागत नाही. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "उद्या सकाळी. मोठ्या इहिरीवर. सारं गाव पान्याले येते तवा."
"माय, या वेळी कॅमेरा नाही."
"म्हनूनच."

मला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने परत जायचं होतं. कचेरीत उद्या साहेबांची तपासणी. आता अंगणात बसून हे लिहितोय. ती दोराला गाठ मारून ओढून पाहते आहे. मला ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. पहिली गाडी आणि गावाची पाण्याची वेळ एकच आहे.