मी लिहिलेलं वय

आत्या, काल आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. नुंगंबाक्कममध्येच, पण तू आणि मी गेलो होतो तो दवाखाना नव्हे. तो बंद झाला, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. आईची खालची दाढ हलते आहे आणि हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघितला आणि पाळी कितव्या वर्षी थांबली ते विचारलं. आईनं दाराबाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात तमिळमध्ये एक्कावन्न म्हणून सांगितलं. बाईंनी समजावलं की पाळी थांबली की अंगातली हाडं झिजायला लागतात. जबडासुद्धा हाडच, तो विरळ झाला की दाताची पकड सुटते, म्हणून हाडांची तपासणी करून घ्या. परतताना रिक्षात आई म्हणाली, "मी तुझ्या आत्यासारखी नाही गे. तिनं लाज धरली आणि हाडं घालवली." तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तेवढीच वर्षं हे वाक्य आपल्या घरात आहे. म्हणून लिहायला बसले.

मराठी मला शाळेनं शिकवलं नाही, तिथे तमिळ आणि इंग्रजी होतं. माझी पहिली शाळा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली फरशी. कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, पीठ पसरून तू त्यात माझं बोट धरून फिरवायचीस आणि एकीकडे तुझं लक्ष सांबारावर. मी आठ वर्षांची असताना मामाला लिहिलेल्या पत्रात, मला ताप आला म्हणून तुमच्याकडे येता आलं नाही, असं लिहिलं होतं. ताप आलाच नव्हता. तू ते पत्र माझ्यासमोर फाडलंस. रागावली नाहीस, एवढंच म्हणालीस, "बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं कुणीतरी खरं धरून चालतं." अजूनही पेरुंगुडीच्या ऑफिसात साधी ईमेल पाठवायची तर मी ती तीनदा वाचते. बाजूच्या मुली हसतात.

घरात कुणाची पाळी आली की तिनं तीन दिवस बाहेरच्या खोलीत बसायचं. आईचं ताट वेगळं, टंबलर वेगळा. तुझं मात्र ते मी कधी पाहिलंच नाही. मी जन्मले त्याच वर्षी तुझी पाळी थांबली. तू एकोणचाळीस वर्षांची होतीस. कुणाला काळजी वाटली नाही, उलट सोय झाली. श्राद्ध असो, नवरात्र असो, तिथी बघून कुणाचं काय अडतंय हे विचारायची गरज उरली नाही. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तुझ्यावर आला. मामा थट्टेनं म्हणायचा की या घराला कॅलेंडर लागत नाही. आई म्हणायची, "वन्संचं बरं आहे, सुटल्या एकदाच्या." तूही हसायचीस. इतक्या लवकर का, असं घरातल्या एकाही माणसानं विचारलं नाही. मी तर ती जगाचीच रीत समजून वाढले.

तुझा पहिला दात पडला तेव्हा तू बावन्न वर्षांची होतीस. चकलीसारखा कडक मुरुक्कू खाताना हललेला दात तू दोन दिवस जिभेनं ढकलत राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी तो हातात आला. मग मुरुक्कू कॉफीत बुडवून खायला लागलीस. मग मुरुक्कूच बंद. भात मऊ, आणखी मऊ. दुधाचं भांडं उतरवताना तुझं मनगट दुखायचं, पाठीला बाक येत होता, आणि आम्ही म्हणायचो की आत्या ओट्यापाशी वाकून वाकून तशीच झाली. वरचे चार दात एकदम हलायला लागले तेव्हा बाबांनी तुला दवाखान्यात पाठवलं. सोबत मी, पंधरा वर्षांची, कारण असल्या गोष्टी बाबांसमोर निघू नयेत.

तू चष्मा घरी विसरली होतीस. फॉर्म मी भरला. नाव, पत्ता, साखर, रक्तदाब. पाळी कितव्या वर्षी थांबली, त्यासमोर पन्नास लिहून मी कागद परत दिला. आत डॉक्टरांनी तो वाचला. पन्नास म्हणजे नेहमीसारखंच, असं स्वतःशीच पुटपुटले आणि हिरड्यांकडे वळले. चार दात काढले, पुढे कवळी बसवली. कवळी कधी नीट बसली नाही, कारण खालचं हाडच झिजत चाललं होतं. तू ती जेवताना काढून वाटीत ठेवायचीस आणि मी तोंड फिरवायचे. तेही तुला दिसलं असणार.

दोन वर्षांनी, नवरात्राच्या सातव्या दिवशी, भाताचं पातेलं उतरवताना तू पडलीस. घसरली नव्हतीस, फरशी कोरडी होती. आई म्हणते, आधी हाड मोडलं आणि मग तू पडलीस. खुब्याचं ऑपरेशन झालं. हाडांच्या डॉक्टरांनी तुला पाळीचं विचारलं, आणि तू स्वच्छ सांगितलंस, एकोणचाळीस. आईनं दातांच्या दवाखान्यानं कवळीच्या वेळी परत दिलेला तो कागद फाईलमधून काढला. ती मला व्हरांड्यात घेऊन गेली आणि तिनं विचारलं, "तिथे पन्नास कुणी सांगितलं?" मी खाली बघत राहिले. तिला जे समजायचं ते ती समजली. तुला काही विचारायचं राहूनच गेलं, कारण त्याच आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला आणि तू घरी परत आलीच नाहीस.

काल आई बाहेर पैसे भरत होती तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की एखादीची पाळी चाळिशीच्या आधीच थांबली असेल तर. त्या म्हणाल्या, त्याच दिवशी हाडांच्या तपासणीला पाठवीन. औषधं आहेत, झीज पुष्कळ रोखता येते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमचं असं काही आहे का. मी नाही म्हटलं. सोळा वर्षांपूर्वीचे ते डॉक्टर तसं करते की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र त्यांचं ते पुटपुटणं ऐकू येतं.

आत्या, तू काही लपवलं नव्हतंस. फॉर्म माझ्या मांडीवर होता, तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "एकोणचाळीस. लिही." काउंटरवरची मुलगी फॉर्ममध्ये काही वेगळं दिसलं की ते मोठ्यानं वाचून खात्री करत होती. समोरच्या बाकावर माझ्या वयाची दोन मुलं बसली होती. ती मुलगी एकोणचाळीस का म्हणून पुन्हा विचारील आणि सगळे आपल्याकडे बघतील, या भीतीनं माझे कान तापले. पन्नास या आकड्याकडे कुणी वळून बघितलं नसतं. चष्मा नव्हता म्हणून तू विचारलंस, लिहिलंस ना, आणि मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवणार. आईला सांगायचं असं मात्र काल ठरवलं होतं. आज सकाळी तपासणीला निघताना ती चप्पल घालत पुन्हा म्हणाली, तुझ्या आत्यानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर आज असती. मी तिची फाईल उचलली आणि म्हटलं, हो ना.