भाऊजींच्या तीन हंगामांचा निष्पक्ष अहवाल

पिपरी मेघे,
रविवार, सकाळ

आदरणीय वासुदेवराव भाऊजींना,

मुकेशचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून, परवापासून कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? नलूताईची तब्येतही विचारली असती, पण ती सख्ख्या भावाचा फोन उचलत नाही, त्यावरून ठणठणीत असावी. केळझरला जाऊन तुम्ही पुन्हा पोरी गोळा केल्या आणि शाळेच्या मैदानावर फुटबॉल शिकवू लागलात, असं कानावर आलं. इकडे तुम्हाला काढून टाकल्यापासून आम्ही सगळे मजेत आहोत.

हे फोनवर बोलवलं नसतं म्हणून कागद घेतला. आपल्या क्रीडा मंडळाने ठराव केला आहे की मुलींच्या संघाचे माजी पगारी प्रशिक्षक, म्हणजे तुम्ही, यांच्या कारकिर्दीचं निष्पक्ष मूल्यमापन व्हावं. माणसाला आधी काढायचं आणि मग तो कसा होता याची चौकशी करायची, ही अध्यक्ष बापूरावांची पद्धत. (त्यांच्या बियाण्याच्या दुकानातही आधी पेरून घ्या, उगवलं नाही तर पाकिटावर काय लिहिलंय ते वाचू, असंच चालतं.) हे काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं. मी तुमचा सख्खा साळा, आणि बडतर्फीच्या पत्रावर सहीही माझीच. तेव्हा माझ्याइतका निष्पक्ष माणूस जिल्ह्यात सापडणार नाही, असं सर्वांचं मत पडलं.

सुरुवात मैदान राखणाऱ्या तानबापासून केली. तुम्ही प्रत्येक पोरीला सरावाआधी दहा गोटे वेचायला लावत होता, त्याचा तीन वर्षांत गोलामागे केवढा ढीग झाला ते त्याने दाखवलं. "पोरीइचे गुडघे फुटणं बंद झालतं," तो म्हणाला. आता न फुटलेले गुडघे कोणत्या रकान्यात लिहायचे? छापील नमुन्यात 'चषक' एवढाच रकाना आहे. म्हणून मी 'प्रशिक्षकांनी मैदानावर दगड साठवले' असं लिहिलं. बापूरावांनी ढिगाची स्वतः पाहणी केली आणि त्यातून पाहुण्यांसाठी ओटा बांधायचं ठरवलं. म्हणजे तुमचा वारसा टिकणार, फक्त त्यावर खुर्च्या येतील.

मग फाटकाजवळच्या रामबाईकडे गेलो. ती भडकलेलीच होती. "सामन्याच्या आधी एकाही पोरीले आलुबोंडा खाऊ देत नव्हता तो माणूस. माह्या धंद्याची वाट लावली त्यानं." मी आनंदाने लिहून घेतलं. वही मिटत होतो तर म्हणते, "पण चंचलची माय वारली तवा पंधरा दिवस त्या पोरीचा डबा माह्याकडूनच नेत होता. कोणाले सांगू नको म्हणे." हे मात्र मी अहवालात घेतलं नाही. तुम्हीच नको म्हटलंत, तर आम्ही कशाला आगाऊपणा करायचा?

तुमचा सर्वात मोठा दोष म्हणजे वेळ. साडेपाचला फाटक बंद म्हणजे बंद. त्या दिवशी बापूराव पाहुण्यांना घेऊन पावणेसहाला आले आणि हार हातात धरून बाहेर ताटकळले. तुम्ही आतून नम्रपणे सांगितलंत की सराव संपला की उघडतो. तुमच्या कारकिर्दीचा निकाल तिथेच लागला होता. बाकी आम्ही कारण शोधत होतो.

ते तुम्हीच पुरवलंत. पहिल्या वर्षी आपला संघ तळाला, दुसऱ्या वर्षी मधोमध, आणि तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात एका पेनल्टीने हरला. गोलात चंचल होती. माझी अंकिता, तुमची भाची, पूर्ण वेळ बाकावर. सभेत बापूराव म्हणाले, "घरच्या पोरीले जो बाकावर बसवते, तो गावच्या पोरीइचं काय भलं करन?" (तिला खेळवलं असतंत तर घराणेशाहीचा ठराव तयार होता. मीच टाईप करून ठेवला होता.) मी काय करणार? सभेत माझं कोण ऐकतं?

आता बापूरावांचे जावई घनश्याम प्रशिक्षक आहेत. परदेशातले सगळे सामने ते मोबाईलवर बघतात, असा त्यांचा दांडगा अनुभव. परवा त्यांनी अंकिताला गोलात उतरवलं. सहा गोल झाले. चार मी पाहिले. उरलेल्या दोन गोलांच्या वेळी डोळे मिटले होते.

घरी येईपर्यंत पोरगी गाडीवर मागे हातमोजे घालूनच बसली होती. दारात हातमोजे काढताना म्हणाली, "बाबा, सरांनी मले काऊन बसवलं होतं, माहीत हाय तुम्हाले?" (मैदानावर नातं नाही, हा तुमचा नियम; ती आता घरातही तुम्हाला सरच म्हणते.) "मी गोल सोडून लवकर पुढं निघते. दोन महिने ते माह्याकडून तेवढंच सुधरवून घेऊन राह्यले होते. येत्या हंगामात उतरवतो म्हणे."

मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस.

"तुम्ही इचारलं कुठं? खेळली का नाई खेळली, एवढंच तं इचारत होते."

हे वाक्यही अहवालात कुठे बसेना.

ताईला नमस्कार सांगा. तिने घेतला तर कळवा.

तुमचा साळा आणि मंडळाचा चिटणीस,
मुकेश

ता. क. : अहवाल एकमताने मंजूर झाला. वाचला कोणीच नाही.

ता. क. : वर लिहिलं की मी काय करणार. तुम्हाला काढताना मतं पाच विरुद्ध चार पडली होती. पाचवा हात माझा होता. अंकिताला बसवल्याचा राग होता, दुसरं काही नाही. ताई फोन उचलत नाही, म्हणजे तिला कळलं असावं. अंकिताला मी काल सांगितलं.

ता. क. : ते ऐकून ती आज पहाटे बूट, हातमोजे आणि दोन कपडे घेऊन केळझरच्या गाडीने निघाली. पत्राआधी ती पोचेल. तिला खेळवा असं म्हणायचं तोंड मला नाही. बाकावर बसवा, पण तुमच्या बाकावर.